वाटून घेतलेली पन्हळ

पाऊस लागला की आमच्या आईचे कान छपरावर असायचे. हात खोबरं खवत असायचे, तोंडानं माझी खरडपट्टी चाललेली असायची आणि मधूनच ती मान वर करून गप्प व्हायची. मग म्हणायची, "मंदे, मागची धार तुटता गो. पन्हळीत कायतरी अडकलां." मला काही म्हणजे काही वेगळं ऐकू यायचं नाही. पाऊस तो पाऊस, सगळीकडून कोसळतोय, त्यात कुठली धार तुटते नि कुठली जुळते? पण छत्री घेऊन परसात जाऊन बघितलं की खरंच पन्हळीच्या तोंडातून पाणी नेहमीसारखं एकसंध पडत नसायचं, खोकल्यासारखं उबळ उबळ येत असायचं. फणसाचं एखादं पान तोंडाशी आडवं बसलेलं असायचं. मी बांबूनं ते ढोसलं की धार धो धो सुरू व्हायची आणि आतून आईचा आवाज, "हां, आता कसां!" एखाद्या गवयाचा सूर लागावा तसं समाधान तिच्या आवाजात असायचं.

आता हे सगळं समजायला आमचं पाळी गावातलं घर कसं होतं ते सांगायला हवं. आजोबांनी दोन मुलांसाठी एकाला एक लागून दोन घरं बांधली होती. छपरं दोन, पण मधली मातीची भिंत एकच. आमच्या छपराचं आतलं पाखं, म्हणजे उतरतं अंग, आणि काकांच्या छपराचं आतलं पाखं, दोन्ही त्या भिंतीच्या डोक्यावर येऊन मिळायची, आणि जिथे मिळायची तिथे अंगणापासून परसापर्यंत पत्र्याची एक लांबलचक पन्हळ होती. दोन पाख्यांवरचं सगळं पाणी तिच्यात उतरायचं, परसाकडे वाहत जायचं आणि काकांच्या बाजूला एका पाथरावर पडायचं. म्हणजे बघा, दोन्ही घरांचा जीव त्या एका पन्हळीवर. ती भरून वाहिली तर पाणी दुसरं कुठे जाणार? भिंतीच्या डोक्यात. आणि मातीची भिंत पाण्याला कधी नाही म्हणत नाही, पीत राहते.

त्यात आमचा गाव खाणींचा. दारावरून खनिजाचे ट्रक सारखे जायचे. दोरीवरचं धुणं लाल, तुळशीची पानं लाल, पाव घेऊन येणाऱ्या पदेराच्या पाटीवरचं फडकंसुद्धा लाल. ही धूळ उन्हाळाभर कौलांवर बसायची आणि पन्हळीत साचायची. त्यावर फणसाचा पाला. पाऊस पडला की सगळ्याचा चिखल होऊन तो असा घट्ट बसायचा की खुरप्यानं तासून काढावा लागायचा. बाबा खाणीवरच्या ट्रकांच्या गॅरेजात मिस्त्री होते, पाळीवर जायचे, दमून यायचे. म्हणून आई स्वतः चढायची. मे महिन्यात आमसुलं वाळवून झाली की लुगड्याचा कासोटा घट्ट मारून, डोक्याला टॉवेल गुंडाळून, कमरेला खुरपं खोचून ती शिडीवर पाय ठेवायची. आधी पाला हातानं काढायचा, मग खुरप्यानं माती सैल करायची, मग करवंटीनं ती पाटीत भरायची. ती लाल माती आमच्या मिरच्यांच्या रोपांना जायची. शेवटी पत्र्याच्या जोडावर बोट फिरवून कुठे गंज धरलाय का बघायचं आणि असला तर डांबर लावायचं. सगळं झालं की अंगणाकडच्या टोकाला घागरभर पाणी ओतायचं. परसाकडे काकी उभी असायची. पाणी येऊन पडलं की ती खालून ओरडायची, "पडली गो धार!" तेव्हाच आई खाली उतरायची.

बाईमाणूस छपरावर चढलेलं बघून रस्त्यावरून जाणारे बापये थट्टा करायचे. एकदा एकजण म्हणाला, "कोण गो ती वर? माकड तर नव्हे?" आईनं काम न थांबवता वरूनच सांगितलं, "माकडाक निदान शेपूट तरी असता रे. माका दोनच हात. ये वर, तुझे दोन लाव!" तो जो गेला तो पुन्हा काही बोलला नाही. मला तेव्हा लाज वाटायची. मी डिचोलीला कॉलेजात जायची, माझ्या मैत्रिणींच्या आया काही छपरावर चढत नव्हत्या. आज मात्र ती आठवली की छाती भरून येते. फोंड्याला माझ्या मुलाच्या नव्या घराच्या भिंतीला दर पावसात ओल येते, दरवर्षी कुणीतरी येऊन महागडा रंग फासून जातो आणि दरवर्षी ती पोपडी सुटते. मी विचारते, "अरे, पण गच्चीवरचं पाणी जातं कुठे?" तर ते मला हसतात. हसोत बापडे.

काकीचं नाव घेतलं म्हणून सांगते. आई आणि काकी म्हणजे एक चूल नसली तरी एक जीव. काकी मऊ स्वभावाची, हळू बोलणारी, आई म्हणजे फटाका. दोन घरांमध्ये भिंतीत एक दार होतं आणि त्यातून दिवसभर काही ना काही इकडून तिकडे जायचं. तायकिळ्याची भाजी, विरजणाचं दही, एखादी तक्रार. नागपंचमीला पातोळ्या एकाच मोदकपात्रात व्हायच्या. हळदीच्या पानांचा वास दोन्ही घरांत एकदमच पसरायचा आणि आम्ही पोरं ज्या घरात जास्त मिळतील तिथे जाऊन बसायचो.

मग आजोबा गेले आणि घराची वाटणी झाली. वाटणीत कुणी कुणाला फसवलं वगैरे काही नाही. पण वाटणी म्हटली की माणसांना काय होतं कुणास ठाऊक. जे कधी मोजलं नव्हतं ते डोळ्यांत भरायला लागतं. मधलं दार चिरे लावून बुजवलं. माड, पोफळी, फणस, सगळं वाटून झालं आणि मग काकांच्या लक्षात आलं की पन्हळीचं पाणी त्यांच्याच परसात पडतं. तिथे त्यांनी पोफळीची नवी रोपं लावली होती आणि ती धारेनं उपटून यायची. तसे काका माणूस चांगला. बाजारात किराण्याचं दुकान, कुणाला वजनात मारणार नाही. पण तापट. अंगणात उभे राहून बाबांना म्हणाले, "घर वाटलां, माड वाटले, पोफळी वाटल्यो. मगे पाणी तेवढां माझ्याच माथ्यार कित्याक?"

बाबांनी शांतपणे दोन गोष्टी सांगितल्या असत्या तर तिथेच मिटलं असतं. पण आमचे बाबा म्हणजे मुलखाचे हट्टी! ते म्हणाले, "घाल बांध पन्हळीत. आमचां पाणी आमी बघतलों." झालं! काकांनी दुसऱ्याच दिवशी गवंडी आणला. त्यानं पन्हळीच्या ऐन मध्यावर विटांचा आणि सिमेंटचा आडवा बांध घातला. अलीकडचं पाणी आमचं, पलीकडचं काकांचं. आमचं पाणी बाहेर पडावं म्हणून अंगणाच्या टोकाला पत्र्याचं नवं तोंड काढून दिलं. दोघे भाऊ दोन बाजूंना उभे राहून वर बघत होते आणि दोघांच्याही चेहऱ्यावर काहीतरी मोठं जिंकल्याचा भाव होता. आई मधेच तुळशीपाशी उभी होती. ती म्हणाली, "अहो, पन्हळ परसाकडे उतरती आसा. पाण्याक चढ चढूक येता काय?" बाबा म्हणाले, "तू गप." काका तर तिच्याकडे बघतही नव्हते. आभाळातून पडलेलं पाणी वाटून घेणारी माणसं मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही.

त्यानंतर दोन्ही घरांचं जाणं-येणं, बोलणंही बंद झालं. पहिला पाऊस आईनं निभावून नेला. पाणी साचलं की उघडीप बघून ती वर जायची आणि खराट्यानं ते उलटं, चढावर, अंगणाच्या तोंडाकडे लोटायची. हात भरून यायचे तिचे. पुढच्या वर्षी मात्र बाबांनी बंदी घातली. काकांच्या बाजूचं एक कौल फुटलं होतं आणि त्यावरून काकांनी भर बाजारात ऐकवलं होतं की वहिनी आमच्या पाख्यावर पाय देतात. बाबांच्या मानाला लागलं. "आजपासून शिडीक हात लावायचो नाय," ते म्हणाले. "पन्हळ मी साफ करतलंय." करणार होते, खोटं नाही बोलत. पण त्या वर्षी खाणीवर कामाची झुंबड, सुटीच मिळेना आणि पाऊस थांबेना. आईनं शिडी गोठ्यात आडवी करून ठेवली. जेवताना ती वर बघायची आणि घास तसाच हातात राहायचा. मागची धार बांध घातल्यापासून अर्धीच उरली होती आणि आमच्या पुढच्या तोंडातून तर नुसते थेंब गळायचे. "एवढो पाऊस पडता," ती पुटपुटायची, "तो जाता खंय?"

श्रावणात त्याचं उत्तर भिंतीवर उमटलं. गणपतीच्या चौरंगामागे, वर छपराजवळ, ओलीचा एक लालसर डाग दिसायला लागला. आधी तांब्याएवढा, मग परातीएवढा. बाबांनी त्याच्यावर कालनिर्णयासारखं मोठं कॅलेंडर आणून लावलं. "उन्हां पडली की सुकतलां," म्हणाले. मला आता हसू येतं आणि रागही येतो, कारण पुढे कळलं की त्याच सुमारास भिंतीच्या पलीकडे काकांनीही अगदी तेच केलं होतं. त्यांच्या बाजूलाही डाग पडला होता आणि त्यांनी त्याच्यापुढे कपड्यांचं कपाट सरकवलं होतं. आपली भिंत भिजतेय हे त्या घराला कळलं तर आपलं नाक कापलं जाईल, असं दोन्ही भावांना वाटत होतं. एकच भिंत, दोन्हीकडून भिजलेली आणि दोन्हीकडून झाकलेली.

त्या खोलीत, कपाटाच्या शेजारी, बाळंतीण होती. काकांचा मुलगा वास्कोला नोकरीला होता. त्याची बायको वृंदा दोडामार्गाकडची, अगदी काडीसारखी पोरगी. तिला आई नव्हती म्हणून बाळंतपण सासरीच केलं. मुलगी झाली. भिंतीतून तिचं रडणं आम्हाला ऐकू यायचं. आई भिंतीला कान लावून ऐकायची आणि तिचा जीव कासावीस व्हायचा. घरात पहिली नात आली आणि ही तिला बघायलाही जाऊ शकत नव्हती. नागपंचमीला सवयीनं तिनं पातोळ्या जास्त केल्या आणि मग ताट पुढ्यात घेऊन बसून राहिली. मी म्हटलं, "मी देऊन येऊ?" तर म्हणाली, "नको. तुझ्या बाबांनी ऐकलां तर तुझी धडगत नाय." आणि डोळे पुसून एकेक पातोळी स्वतःच खात सुटली. रागानं खात होती. मला तिची इतकी दया आली की मी अभ्यासाचं निमित्त करून उठले.

मग बाळ खोकायला लागलं. बारीक, कोरडा खोकला, भिंतीच्या अगदी जवळून.

एक दिवस सकाळी पावसानं जरा उसंत घेतली. मधल्या कुंपणावर काकीनं बाळाची दुपटी वाळत घातली होती. आई मागच्या दारात तांदूळ निवडत बसली होती. तिची नजर दुपट्यांवर गेली आणि सूप तसंच खाली ठेवून ती कुंपणाजवळ गेली. एका दुपट्याच्या कडेला लाल ओलसर डाग होता. तिनं तो बोटानं चोळला, वास घेतला. मग आत येऊन भिंतीवरचं कॅलेंडर उचललं, तिथला डाग त्याच बोटानं चोळला. बोट बघितलं. माझ्याकडे वळून म्हणाली, "मंदे, ही आमच्याच भिंतीची लाली. पाणी पलीकडे उतरलां. त्या पोराचो पाळणो भिंतीक लागून आसा." तिचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. कॅलेंडरमागची माती ओल्या पिठासारखी झाली होती. आईनं अंगठा दाबला तर तो नखापर्यंत आत गेला.

मी म्हटलं, "काकांना सांगूया."

"सांगून काय होतलां? ते म्हणतले, तुझ्या घोवाक पाठव. तुझे बाबा म्हणतले, त्याका येऊं दे. आणि भिंत काय ह्यांच्या मानाची वाट बघत रवतली?" एवढं बोलून तिनं कासोटा मारला.

शिडी आम्ही दोघींनी लावली. आई पुढे, मी मागे. खुरप्याऐवजी तिनं गोठ्यातली पहार घेतली होती. वर गेल्यावर जे बघितलं ते मी जन्मात विसरणार नाही. बांधाच्या अलीकडे पन्हळ काठोकाठ भरली होती, वर शेवाळ आलेलं, आत लाल चिखल, फणसाची पानं कुजलेली. पाणी पत्र्याच्या कडेवरून शांतपणे भिंतीच्या डोक्यात जात होतं. आवाज अजिबात नाही. म्हणूनच आईच्या कानांना ते सापडलं नव्हतं. बांधाच्या पलीकडे पन्हळ मोकळी, चकचकीत. काकांनी स्वतःचा अर्धा भाग नीट साफ केला होता हो! आई क्षणभर नुसती बघत राहिली. मग तिनं पहार उचलली आणि बांधावर घातली.

पहिल्या घावाला काका भरल्या हातानं न्याहारीवरून उठून बाहेर आले. दुसऱ्या घावाला बाबा, रात्रपाळी करून झोपले होते ते, डोळे चोळत अंगणात आले. काका परसातून ओरडले, "वैनी, खाली उतरा! तो बांध माझो आसा!" बाबा अंगणातून ओरडले, "अगो, येड लागलां काय तुका? खाली उतर आधी!" आई थांबली. कमरेवर हात ठेवून तिनं एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. आणि म्हणाली, "बघ गो मंदे! माका खाली उतरवूक तरी दोघे भाव एक झाले!" इतक्या भीतीतही मला हसू फुटलं. कुंपणापलीकडे दोन शेजारी गोळा झाले होते तेही हसले.

मग आईचा चेहरा बदलला. ती काकांच्या बाजूला वाकली. "भावजी, माका काय बोलायचां ता मगे बोला. आधी वृंदाक आणि पोराक त्या खोलीतसून भायर काढा."

"पोराचां हंय काय?" काका अजून रागातच होते.

"कपाट सरकवा आणि भिंतीक हात लावा. तुमी नको, तिका सांगा." ती काकीला म्हणत होती. काकी दारात उभी होती. दोन वर्षांत दोघींची नजरानजर झाली नव्हती, ती आता झाली. आई म्हणाली, "जा गो बाये. माझ्यासाठी जा." काकी काकांना न विचारता आत गेली. कपाट सरकल्याचा आवाज आला आणि मग तिची किंकाळी. "अगो आवशी! हात आत गेलो गो! भिंत नुसतो चिखल!"

त्यानंतर काय काय घडलं ते सगळं एकदमच घडलं असं वाटतं. काका आत धावले. बाबा कुंपण ओलांडून, हो, आमचे बाबा, काकांच्या घरात धावले. वृंदाला हाताला धरून, काकीनं बाळ पदरात गुंडाळून, सगळे बाहेर आले. "आमच्या वसरीवर नेवा! दुसऱ्या टोकाक!" आई वरून हुकूम सोडत होती आणि सगळे मुकाट्यानं ऐकत होते. आणि मग तिनं पहारीचा शेवटचा घाव घातला. बांध फुटला. लाल पाण्याचा लोंढा पन्हळीतून परसाकडे सुटला आणि पाथरावर जो आदळला त्याचा आवाज, बांध घातल्यापासून न ऐकलेला तो आवाज, दोन्ही घरांत भरून गेला. काकांची पोफळीची दोन रोपं त्यात वाहून गेली. कुणाचं लक्ष नव्हतं. आम्ही दोघी गुडघ्यावर बसून करवंट्यांनी चिखल उपसत होतो. माझी नवी साडी लालेलाल झाली होती आणि मला त्याचं काहीही वाटत नव्हतं.

आम्ही दोघी अजून वरच होतो तेव्हा भिंत गेली. सगळी नव्हे, वरचा मधला भाग. मोठा आवाजही झाला नाही, ओलं पोतं जमिनीवर टाकावं तसा. पाख्याचं लाकूड करकरलं, आम्ही दोघींनी एकमेकींना धरलं. पडलेल्या भागातून खाली दिसलं, काका खोलीच्या दारात उभे होते. पाळणा मातीखाली गेला होता. नुसती दोरी वर दिसत होती. काका तिथेच उंबऱ्यावर बसले. बाबा त्यांच्या शेजारी बसले. मग बाबा उठले, अंगणात आले आणि शिडीचा एक पाय धरून उभे राहिले. काकांनी येऊन दुसरा धरला. आई उतरली, तिच्यामागून मी.

काका म्हणाले, "वैनी, माका शिव्या तरी घाला." त्यांचे डोळे भरले होते.

"शिव्या मागीर," आई म्हणाली. "आधी पेज जेवा. बाळंतीण उपाशी आसा." आणि हातपाय धुवायला विहिरीकडे गेली. तिथे मी तिला पाहिलं. चिखलाचे हात पाण्यात तसेच बुडवून ती हमसून हमसून रडत होती आणि काकी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. दोघी कितीतरी वेळ तिथेच होत्या. त्या दुपारी पेज मीच वाढली, सोबत लोणच्याची फोड आणि भाजलेला पापड. आमच्या वसरीवर दोन्ही घरं एका पंक्तीला बसली.

चतुर्थीला भिंतीत भोक तसंच होतं. खाली बांबूंचे टेकू दिले होते, वर ताडपत्री. गणपती नेहमीच्या जागेवरून जरा सरकवून बसवला. गणपतीच्या डोक्यावर फळांची माटोळी बांधताना काका त्या भोकातून कांगल्याची रानफळं आणि सुपाऱ्यांचे घोस इकडे देत होते आणि बाबा बांधत होते. कुणी कुणाची माफी मागितल्याचं मला आठवत नाही. दोघांना ती विद्या येतच नव्हती. पण आरतीला पलीकडून बाळ रडलं की बाबा टाळ हळू करायचे. पाऊस ओसरल्यावर भिंत चिऱ्यांची बांधली आणि मधलं दार पुन्हा मोकळं केलं. पन्हळ नवी केली, उतार आजोबांनी दिला होता तसाच परसाकडे. आणि काकांच्या रोपांचं म्हणाल, तर पाथरापासून पोफळीपर्यंत चिऱ्यांचा एक लहान पाट काढला. पाणी जोत्यापासून दूर गेलं आणि झाडांना हवं तेवढंच मिळालं. दोन्ही भावांनी मिळून तो एका दिवसात बांधला. एवढंच करायचं होतं! मला आजही वाटतं, हात धरून दोघांना विचारावं. पण विचारणार कुणाला?

आई गेली, तिच्या मागोमाग काकी गेली. खाणींवरचे ट्रक आता पूर्वीसारखे धावत नाहीत, धूळ कमी झाली आहे. पण पन्हळीत आता प्लॅस्टिकच्या पिशव्या सापडतात, आणि फणस काही पानं गाळायचं सोडत नाही. घर अजून कोरडं खडखडीत उभं आहे. गावात त्याच्या बरोबरीची कितीतरी घरं पडली, आमचं उभं आहे, आणि ते कुणामुळे हे दोन्ही घरांतल्या नातवंडांनाही माहीत आहे. मे महिन्यात मी फोंड्याहून मुद्दाम पाळीला जाते. आमसुलं वाळवून झालेली असतात, दुपारी दोन्ही घरांचं जेवण एकत्र असतं. आणि छपरावर कोण चढतं? ती पाळण्यातली पोरगी. सुलक्षा. गावातच दिली तिला, दोन मुलांची आई आहे, डिचोलीला शाळेत शिकवते. पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला आवळून, डोक्याला टॉवेल गुंडाळून ती शिडी चढते. मुलं म्हणतात, "आई, आपण माणूस लावूया." ती म्हणते, "ही पन्हळ मी कुणाला देणार नाही."

मी परसात, काकीच्या जागी उभी राहते. माझे कान आता गेले. वर ती घागर ओतते आणि ओरडते, तेही मला नीट ऐकू येत नाही. म्हणून मी पन्हळीच्या तोंडाखाली हात धरून थांबते. थोडा वेळ काहीच येत नाही. मग तळहातावर गार पाणी पडतं, एकसंध, न तुटता. आणि मी आईच्या आवाजात ओरडते, "पडली गो बाये, धार पडली! आता खाली उतर."